दप्तर, गहू आणि तीन गावं

पुण्याच्या पुराभिलेखागारात शिपायाने पेशवे दप्तराचा पहिला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, माझ्यासमोर आणून ठेवला, त्याला आता अकरा वर्षं झाली. बँकेतून निवृत्त झाल्यावर मोडी शिकले आणि तेव्हापासून आठवड्यातले दोन दिवस तिथे जाते. त्यामुळे या खेपेला अमेरिकेत शिकागोजवळच्या नेपरव्हिलला भाच्याकडे जायचं ठरलं, तेव्हा मी त्याला आधीच सांगून ठेवलं की नायगारा, न्यूयॉर्क झालं आहे, आता मला अमेरिकेचं दप्तर दाखव.

तिथे माजी राष्ट्राध्यक्षांच्या कागदपत्रांसाठी 'प्रेसिडेन्शियल लायब्ररी' असतात. नाव लायब्ररीचं असलं तरी वाचायला पुस्तकं घरी न्यायची ती जागा नव्हे. एका माणसाच्या कारकिर्दीचं सगळं दप्तर, म्हणजे पत्रं, टिपणं, रोजनिशा, फोटो, ध्वनिफिती, एका इमारतीत ठेवलेलं असतं, आणि सोबत एक संग्रहालय. हर्बर्ट हूव्हर ते धाकटे बुश अशा तेरा अध्यक्षांच्या इमारती अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार, म्हणजे नॅशनल आर्काइव्ह्ज, चालवतं. शिकागोच्या जॅक्सन पार्कात ओबामांच्या नावाचं मोठं केंद्र आहे, पण नॅशनल आर्काइव्ह्जचं दप्तर तिथे नाही. त्यांची लायब्ररी डिजिटल आहे. मला कागद बघायचे होते. आणि हे कागद राजधानीत नाहीत, ज्याच्या त्याच्या गावी आहेत. पेशव्यांचं दप्तर पुण्यात आहे ते पुणं राजधानी होती म्हणून. इथे हूव्हर आयोवातल्या खेड्यात, ट्रूमन मिझुरीत, आयझेनहॉवर कॅन्ससमध्ये. नकाशावर तिन्ही ठिकाणं मक्याच्या आणि गव्हाच्या पट्ट्यात येतात.

गव्हाचंच काम होतं माझं. १९६५-६६ साली मी सात-आठ वर्षांची होते. शुक्रवार पेठेत रेशनच्या दुकानापुढे आईसोबत पिशवी धरून उभी राहायची. 'पीएल चारशे ऐंशी' हे शब्द मोठ्या माणसांच्या तोंडी सतत असायचे. ज्या अमेरिकन कायद्याखाली तिथला गहू आपल्याकडे यायचा, त्याचं ते नाव. तो लाल गहू कुठून, कोणाच्या सहीने आला, याचे कागद कुठेतरी असणारच, हे मला दप्तरात बसायला लागल्यावर सुचलं.

पहिला दिवस

सकाळी सहाला निघालो. भाचा गाडी चालवत होता. मिसिसिपी ओलांडली की आयोवा लागतं. ऑक्टोबर असल्यामुळे मक्याची काढणी चालू होती, यंत्रांमागे धुळीचा पट्टा उठत होता. साडेदहाच्या सुमारास वेस्ट ब्रँचला पोचलो. गाव अडीच हजार वस्तीचं.

हूव्हर जन्मले ते घर आहे तसं राखलं आहे. चौदा बाय वीस फूट, दोन खोल्या. वडील लोहार. ते गेले तेव्हा हर्बर्ट सहा वर्षांचा, आई गेली तेव्हा नऊ वर्षांचा. मग मामाकडे ओरेगॉनला. पुढे खाणकामाचा अभियंता होऊन ऑस्ट्रेलिया, चीन फिरला. आपल्याकडे हूव्हर माहीत असतात ते १९२९ च्या मंदीमुळे. मंदीचं दालन इथेही आहे आणि ते झाकून ठेवलेलं नाही. पण मी सर्वांत जास्त वेळ उभी राहिले ती पिठाच्या पिशव्यांपुढे.

पहिल्या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेला आणि ब्रिटिशांच्या नाकेबंदीमुळे तिथे धान्य पोचेना. लंडनमध्ये असलेल्या हूव्हरनी मदत समिती उभी केली आणि अमेरिकन गिरण्यांचं पीठ जहाजांनी पोचवलं. पीठ यायचं सुती पिशव्यांतून. रिकाम्या पिशव्या शत्रूच्या हाती पडून दारूगोळ्यासाठी वापरल्या जाऊ नयेत म्हणून त्यांचा हिशेब ठेवला जायचा. मग त्या शिवणशाळांत, कॉन्व्हेंटमध्ये दिल्या गेल्या. तिथल्या बायकांनी आणि मुलींनी त्यांवर भरतकाम केलं, लेस लावली, गिरणीच्या छापील नावाभोवती फुलं काढली, आणि त्यांतल्या कितीतरी आभार म्हणून परत पाठवल्या. त्या पिशव्यांचा मोठा संग्रह इथे आहे. एका पिशवीवर गिरणीच्या नावाची अक्षरं आधी छापलेली आणि मग त्याच अक्षरांवरून रंगीत धागा फिरवलेला. तो टाका साखळीचा होता. माझ्या आजीचाही साखळी टाका असाच जवळजवळ यायचा.

आमच्या घरी आई गव्हाचं तागाचं पोतं धुऊन, उसवून, त्याची पायपुसणी शिवायची. ती कोणी जपून ठेवली नाहीत. मला तिथे पहिल्यांदा त्याचं वाईट वाटलं.

दुपारी टेकडीवर गेलो. हूव्हर आणि त्यांच्या पत्नी लू यांची समाधी म्हणजे पांढऱ्या संगमरवराच्या दोन आडव्या शिळा. नाव आणि साल, बाकी काही नाही. हूव्हर साधेपणा मानणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, त्यांना हेच शोभतं. तिथून उतारावर सरळ नजर टाकली की जन्मघर दिसतं, मधे काही आड येऊ दिलेलं नाही. १९६२ साली १० ऑगस्टला, हूव्हरच्या अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला, ही लायब्ररी सुरू झाली. समारंभाला हॅरी ट्रूमन आले होते. दोघे विरुद्ध पक्षांचे. पण १९४६ साली जगभर धान्याचा तुटवडा पडला, तेव्हा ट्रूमननी याच माणसाला दुष्काळी देशांच्या पाहणीला पाठवलं होतं आणि एकाहत्तर वर्षांचे हूव्हर त्या फेरीत हिंदुस्थानातही येऊन गेले होते. म्हणजे माझ्या गव्हाची वाट याही गावातून जाते. हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

दुसरा दिवस

दिवसभर प्रवास. दे मॉइनपासून दक्षिणेला वळून जवळजवळ पाचशे किलोमीटर. वाटेत भाच्याने विचारलं, "मावशी, पण हे कागद सरकारचे की त्या माणसाचे?"

खरा प्रश्न हाच आहे. दीडशे-पावणेदोनशे वर्षं उत्तर होतं, त्या माणसाचे. अध्यक्ष पद सोडताना पेट्या भरून घरी न्यायचा. चेस्टर आर्थरनी मरण्याच्या आधी आपले बहुतेक कागद जाळून घेतले. वॉरन हार्डिंग गेल्यावर त्यांच्या पत्नीने पुष्कळ कागद आगीत टाकले. झॅकरी टेलर यांचे कागद यादवी युद्धात सैनिकांच्या हाती सापडून गेले. लिंकन यांच्या मुलाने वडिलांचे कागद देशाला दिले, पण आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षं उघडायचे नाहीत या अटीवर. ते १९४७ साली उघडले. फ्रँकलिन रूझवेल्टना हे बदलावंसं वाटलं. त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क गावी आपल्या घराच्या आवारात देणग्यांतून इमारत बांधली आणि कागदांसकट सरकारच्या हवाली केली. १९४१ साली, युद्ध दाराशी आलेलं असताना, तिचं उद्घाटन झालं. १९५५ च्या कायद्याने हीच पद्धत पुढच्यांना खुली केली. तरी देणं हे मर्जीवरच होतं. वॉटरगेटच्या हेरगिरी प्रकरणानंतर निक्सन यांच्या ध्वनिफिती त्यांच्याकडे राहू नयेत म्हणून १९७४ साली वेगळा कायदा करावा लागला, आणि १९७८ च्या कायद्याने ठरलं की अध्यक्षाच्या कारभाराचे कागद लोकांच्या मालकीचे. रेगन यांच्यापासून ते लागू झालं. पद सोडल्यावर पाच वर्षांनी कोणीही ते मागू शकतो. काही ठरावीक प्रकारचे कागद मात्र बारा वर्षांपर्यंत रोखता येतात.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे ट्रूमनचे कागद त्याने स्वतःहून दिलेत." हो. म्हणूनच मला ते जास्त महत्त्वाचे वाटतात.

रात्री ट्रूमन यांच्या गावी, इंडिपेंडन्सला मुक्काम.

तिसरा दिवस

ट्रूमन यांची लायब्ररी १९५७ सालची. आत टॉमस हार्ट बेंटनचं भलंमोठं भित्तिचित्र आहे, पश्चिमेकडे निघालेल्या गाड्यांचं. टेबलावरची ती प्रसिद्ध पाटीही आहे, जबाबदारी पुढे ढकलणं इथे संपतं अशा अर्थाची. ती ओक्लाहोमातल्या एका सुधारगृहात बनली होती. मागच्या बाजूला लिहिलं आहे की मी मिझुरीचा आहे.

अणुबाँबच्या दालनात मी फार बोलू शकले नाही. नागासाकीवर टाकलेल्या बाँबमधून काढलेला सुरक्षा प्लग तिथे आहे. एवढीशी वस्तू. आणि त्याच इमारतीत हिरोशिमाच्या सादाको सासाकीने, बाँबच्या किरणोत्सर्गाने आजारी पडून लहानपणीच वारलेल्या मुलीने, दुमडलेला कागदी बगळा आहे, तिच्या कुटुंबाने दिलेला. ज्याने हुकूम दिला त्याच्या घरात तो बगळा ठेवायला देणाऱ्यांचं आणि ठेवून घेणाऱ्यांचंही मन मोठं. संग्रहालय नायकाची आरती ओवाळणारं असेल अशी धाकधूक मला होती. काही खोल्यांत ती थोडी आहेही. पण इथे नाही.

अंगणात हॅरी आणि बेस ट्रूमन यांच्या समाध्या आहेत. निवृत्तीनंतर ते रोज इथल्या आपल्या ऑफिसात यायचे, सकाळी कर्मचाऱ्यांच्या आधी. लायब्ररी किती वाजता उघडते हे विचारणारा फोन आला तर स्वतःच उचलून सांगायचे. शाळेची मुलं आली की त्यांच्याशी बोलायला सभागृहात जाऊन उभे राहायचे.

दुपारी डेलावेअर रस्त्यावरचं त्यांचं घर पाहिलं. ते पार्क खात्याकडे आहे. दिवाणखान्यात सांगितलेली गोष्ट मनात राहिली. एकदा बेस शेकोटीत जुनी पत्रं जाळत बसल्या होत्या. हॅरी म्हणाले, इतिहासाचा विचार कर. त्या म्हणाल्या, तोच केला आहे. हॅरीनी त्यांना लिहिलेली तेराशेवर पत्रं आज लायब्ररीत आहेत. बेस यांची त्यांना आलेली फारच थोडी उरली. मला बेस यांचं पटतं. बाईच्या मनातलं जगासमोर यावं की नाही हे तिने ठरवावं. आणि तरी, त्या घरातून बाहेर पडताना त्या जळलेल्या पत्रांची हुरहूर जात नव्हती. दप्तरात बसणाऱ्या माणसाला या दोन्ही गोष्टी एकदमच वाटतात.

चौथा दिवस

हा दिवस माझा. महिनाभर आधी ईमेल करून विषय कळवला होता: भारत, धान्य, १९५०-५१. आर्काइव्हिस्ट बाईंनी कोणत्या संग्रहात, कोणत्या खोक्यात बघावं याची यादी पाठवली होती. फी काही नाही. मी कोणत्या विद्यापीठाची, कोणाची शिफारस आणली, हे कोणी विचारलं नाही. पासपोर्ट दाखवला, अर्ज भरला, नियम समजावून घेतले आणि वर्षभर चालणारं संशोधकाचं कार्ड हातात आलं. माझं नाव त्यावर नीट लिहिलं होतं. मी ते अजून पाकिटात बाळगते.

पर्स, कोट, पेन लॉकरमध्ये. आत फक्त शिसपेन्सिल, सुटे कागद आणि फ्लॅश बंद केलेला कॅमेरा. ढकलगाडीवर राखाडी पुठ्ठ्याची खोकी येतात. टेबलावर एका वेळी एकच खोकं, खोक्यातून एका वेळी एकच फोल्डर, आणि तो जिथून काढला तिथे खूण म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा उभा करायचा. कागदांचा क्रम बदलायचा नाही, चुकीचा वाटला तरी नाही. आपल्याकडे रुमाल सोडतानाही हाच धडा पहिला मिळतो. कुठला कागद कुणाच्या शेजारी आहे हीदेखील माहितीच असते.

पार्श्वभूमी थोडी सांगायला हवी. १९५० साली भारतात पूर आणि अवर्षण दोन्ही आले. डिसेंबरात अमेरिकेतल्या आपल्या राजदूत विजयालक्ष्मी पंडित यांनी वीस लाख टन धान्य मागितलं. फेब्रुवारी १९५१ मध्ये ट्रूमननी अमेरिकेच्या काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, तशी शिफारस केली. मग चर्चा लांबत गेली. कोरियाचं युद्ध चालू होतं, नेहरूंचं अलिप्त धोरण तिथल्या अनेकांना खुपत होतं, आणि उपाशी माणसांचा प्रश्न समित्यांमधून फिरत राहिला. अखेर १५ जून १९५१ ला ट्रूमननी सही केली. एकोणीस कोटी डॉलरचं कर्ज, धान्यासाठी.

हे सगळं छापील पुस्तकांत मिळतं. फोल्डरमध्ये मिळतो तो त्यातला वेळ. कागदावरची तारीख, आवक झाल्याचा शिक्का, आणि उत्तराची तारीख. मी या तीन तारखा प्रत्येक कागदावरून उतरवत गेले. दोन तारखांमधलं अंतर बघून हात थांबायचा, कारण त्या मधल्या दिवसांत मुंबई राज्यात, मद्रासेत, बिहारात लोक काय खात होते हे मी घरच्यांकडून ऐकलेलं आहे. कार्बन प्रतींचा कागद कांद्याच्या सालीसारखा पातळ. बोटाखाली तो वाजतो. टंकलेखन यंत्राच्या 'ओ'ने काही ठिकाणी कागदाला बारीक भोक पाडलेलं, उजेडात धरलं की ठिपके दिसतात. मोडी कागदात बोरूचा दाब वाचता येतो, तसंच हे.

एका फोल्डरमध्ये कागदाऐवजी एक तक्ता आला. इथून कागद काढला आहे, तो अमुक प्रकारचा, अमुक तारखेचा, अमुक कारणाने अजून खुला नाही, असं त्यावर भरलेलं. मला हा तक्ता फार आवडला. दडवायचंच असेल तर दडवल्याची नोंद तरी ठेवा. आणि तो पुन्हा तपासून खुला करावा असा अर्ज करता येतो. आपल्याकडे गहाळ कागदाचं असं काहीच उरत नाही. क्रमांक तुटलेला दिसतो आणि आपण अंदाज बांधत बसतो.

जेवणाच्या सुट्टीत आर्काइव्हिस्ट बाईंनी एक खरी गोष्ट सांगितली. २००३ साली इथल्याच शेल्फवरच्या एका पुस्तकात ट्रूमन यांची १९४७ ची रोजनिशी सापडली. न्यूयॉर्कच्या एका स्थावर मालमत्ता व्यावसायिकांच्या संस्थेची ती डायरी, पुढे सगळी संस्थेची माहिती, म्हणून कोणी उघडूनच पाहिली नव्हती. मागच्या कोऱ्या पानांवर अध्यक्षांचं हस्ताक्षर. इतकी वर्षं ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. मी लगेच आमच्या पुण्याच्या रुमालांचा विचार केला. किती तरी हजार आहेत, आणि त्यांतले किती सुटलेलेच नाहीत.

संध्याकाळी खोकी परत देताना मी आपला एक जुना समज तपासून घेतला. गाजरगवत पीएल-४८० च्या गव्हाबरोबर आलं असं आपण सगळे म्हणतो. पण पुण्यात ते १९५५-५६ च्या सुमारास प्रथम दिसल्याची नोंद आहे, आणि त्या योजनेखाली भारताशी करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. ते अमेरिकन धान्यातून आलं असेल तर त्याआधीच्या एखाद्या जहाजातून आलं असणार. कदाचित याच, समोरच्या फोल्डरमधल्या कर्जाच्या धान्यातून. पुरावा माझ्याकडे नाही, तारखा तेवढ्या वहीत शेजारी शेजारी लिहिल्या आहेत.

पाचवा दिवस

ॲबिलीन, आयझेनहॉवर यांचं गाव. इंडिपेंडन्सपासून अडीच तास, सरळ पश्चिमेला. या हमरस्त्याचं आयझेनहॉवरशी नातं आहे. १९१९ साली तरुण अधिकारी असताना ते लष्करी गाड्यांच्या ताफ्याबरोबर वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाले आणि चिखल, मोडके पूल ओलांडत पोचायला बासष्ट दिवस लागले. १९५६ साली महामार्गांच्या कायद्यावर त्यांची सही झाली.

गावात शिरताना पहिल्यांदा दिसतात ते धान्याचे उंच पांढरे कोठार. घरात सहा भाऊ वाढले ते छोटं घर जागेवरच आहे, आणि भोवती लायब्ररी, संग्रहालय, समाधी. इथल्या संग्रहातली एक चिठ्ठी मला बघायची होती. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर सैन्य उतरायच्या आदल्या दिवशी आयझेनहॉवरनी ती पेन्सिलीने लिहून खिशात ठेवली होती, मोहीम फसली तर जाहीर करायला. सैन्याने करता येईल ते सगळं केलं, काही दोष असेल तर तो एकट्या माझा, असा मजकूर. तिच्यावर तारीख ५ जुलै पडली आहे. हवी होती ५ जून. आणि दुसऱ्या वाक्याच्या सुरुवातीचे शब्द खोडून तिथे 'हल्ला करण्याचा माझा निर्णय' असं लिहिलं आहे. ती खोडलेली ओळ माझ्यासाठी आख्ख्या संग्रहालयाइतकी मोलाची. टंकून स्वच्छ केली असती तर ती दिसलीच नसती.

पीएल-४८० वर सही झाली १० जुलै १९५४ ला. ती आयझेनहॉवर यांची. अमेरिकेकडे गहू उरत होता, कोठारं भरून वाहत होती, भाव पडत होते. तो परक्या देशांना त्यांच्याच चलनात विकायचा हा मार्ग निघाला. आम्हाला तेव्हा तो उपकार वाटायचा, नंतरच्या काळात तो अपमान वाटू लागला. त्या कोठारांसमोर उभं राहिल्यावर मला तिसरी बाजूही दिसली. इथल्याही शेतकऱ्याला तो गहू कुठेतरी जायला हवा होता. १९५९ च्या डिसेंबरात आयझेनहॉवर दिल्लीला आले, तेव्हा रस्त्यावर लोटलेली गर्दी आणि कृषी मेळ्यातलं उद्घाटन यांच्या आठवणी जुनी माणसं सांगतात. लायब्ररीत त्याचेही कागद आहेत. अर्धा दिवस पुरला नसता, म्हणून वाचनालयात बसलेच नाही, यादी तेवढी घेतली.

संध्याकाळी समाधीच्या इमारतीत गेलो. मधे आयझेनहॉवर, शेजारी पत्नी मेमी, आणि तीन वर्षांचा असताना गेलेला त्यांचा पहिला मुलगा. साध्या सैनिकाच्या ऐंशी डॉलरच्या शवपेटीत त्यांना पुरलं आहे. भाचा बराच वेळ त्या लहान मुलाच्या नावापाशी उभा होता. त्याची मुलगी तीन वर्षांची आहे.

रात्री साडेआठला हॉटेलमधून आईला फोन लावला. पुण्यात सकाळचे सात. ती अठ्ठ्याऐंशीची आहे, चहा झाला होता. मी तिला सहीच्या तारखा वाचून दाखवल्या आणि विचारलं, तो गहू नक्की कसा होता. ती म्हणाली, "स्वच्छ असायचा गं, खडे कमी. पण पोळी रात्री वातड व्हायची. मग मी त्यात थोडं ज्वारीचं पीठ घालायचे." दुकान कुठे होतं, मापाला कोण बसायचं, माझा नंबर धरून शेजारच्या कोण बाई उभ्या राहायच्या, सगळं तिने क्रमाने सांगितलं. भाच्याने फोन स्पीकरवर धरला आणि मी शिसपेन्सिलीने उतरवून घेतलं. खाली तिचं नाव, तारीख आणि गाव घातलं: ॲबिलीन, कॅन्सस.